केळापुऱ्यांच्या वतीने

१२ फेब्रुवारी १९७३, सोमवार

आजपासून मी नागपूरकर. सकाळी सावनेरच्या गाडीतून उतरलो तेव्हा एका हातात ट्रंक, खांद्यावर वळकटी आणि बगलेत सासऱ्यांनी दिलेली संत्र्यांची पिशवी होती. नागपूरला बाहेरून संत्री आणणारा शहाणा मीच असेन, पण चंपतरावांना नाही म्हणायची माझी छाती नाही. निघताना ते एवढंच बोलले, "पयले नोकरी टिकवा, खोली पाहा, मंग पोरगी नेजा." लग्नाला वर्ष झालं. त्यातले सहा महिने गोपिका माहेरीच आहे, कारण जावई बेकार. म्हातारा मला टाकून बोलला नाही कधी, पण सावनेरच्या बाजारात ओळखीचं कोणी दिसलं की गल्ली बदलायचा. आता नाही बदलावी लागणार.

खोली महालात मिळाली. खाली घरमालकीण प्रयागबाई एकट्या राहतात, वरती मी. कोपऱ्यात चुलीपुरती जागा आहे, खिडकीतून रस्ता दिसतो. गोपीला रस्ता बघत बसायला फार आवडतं. प्रयागबाईंनी ट्रंक ठेवू दिली नाही तोच विचारलं की बायकोला कधी आणणार. म्हटलं, उन्हाळ्यात, अक्षय तृतीया झाली की. त्या खूश झाल्या. एकट्या पुरुषाला खोली द्यायची नाही असा त्यांचा नेम होता म्हणे, माझं तोंड पाहून मोडला.

नोकरी गणपतराव उमाठ्यांकडे. शाळेची गाइडं छापून हा माणूस वर आला आणि आता कादंबऱ्या छापतो. माझा हुद्दा प्रसिद्धी प्रमुख. खात्यात प्रमुख मी, कारकून मी, शिपाईही मीच. वाचनालयं, महिला मंडळं, शाळा, टॉकीजवाले, सगळीकडे सायकलनं हिंडायचं आणि कंपनीच्या लेखकाचं नाव लोकांच्या तोंडी बसवायचं. लेखकाचं नाव निशिकांत केळापुरे. तीन कादंबऱ्या आल्यात, 'उन्हातले माहेर' ही ताजी. रात्री वाचून काढली. बरी आहे. शेवटी सगळे रडतात.

१६ फेब्रुवारी

आज गणपतरावांनी दार लोटून घेतलं आणि आतली गोष्ट सांगितली. निशिकांत केळापुरे नावाचा माणूसच नाही. पहिली कादंबरी एका मास्तरांनी लिहिली, दुसरी रेल्वेतल्या कारकुनानं, तिसरी दोघांनी मिळून. नाव गणपतरावांनी ठेवलं, नावाच्या झाडाला वाचक लागतात म्हणून.

मी हसलो. ते हसले नाहीत. म्हणाले, लोकांना पुस्तक नाही लागत, माणूस लागतो. तो काय खातो, कुठं झोपतो, त्याच्या डोळ्यात पाणी केव्हा येतं, हे सांगितलं की पुस्तक आपोआप जातं. ते सांगायचं माझं काम. फक्त एक पथ्य. "आपल्या घरचं सांगू नको गा. बनवून सांग. लागन तेवढं बनव, पण घरचं नको." काहून, असं विचारलं तर म्हणाले की त्यानं भानगडी होतात, आणि गाइडांच्या हिशोबात डोकं घातलं.

बनवून सांगायला काय जातं? लहानपणी शाळा बुडवायला मी याहून अवघड गोष्टी बनवल्यात.

२५ फेब्रुवारी, रविवार

आज चांगलीच फजिती झाली. महालातलं एक वाचनालय दादाजी चालवतात. चष्म्याला दोरा बांधलेला, तोंडात सुपारी, नजर मात्र घारीची. त्यांना मी मागे सांगितलं होतं की केळापुरे अमरावतीचे, सडेफटिंग, कोंबडं आरवायच्या आधी उठून लिहितात. आज तिथं धंतोलीच्या कुसुमताई पुस्तक बदलायला आलेल्या. त्यांच्या मंडळात मी सांगितलेले केळापुरे रेल्वेतून निवृत्त, चार मुलांचे बाप आणि सकाळी उशिरा उठणारे. दोघांनी माझ्यादेखत ताळा करून पाहिला. दादाजी म्हणाले, "हे किती केळापुरे आहेत गा तुमच्याकडे?"

मी दम्याची उबळ आल्यासारखा खोकत बाहेर पडलो. खोटं लक्षात ठेवावं लागतं, हे कुणी शिकवलं नव्हतं. असं चाललं तर महिनाभरात हाकलतील आणि मग गोपी येते कशाला.

रस्त्यात विचार केला. खरी गोष्ट सांगावी, फक्त नाव त्याचं. खरं कधी चुकत नाही. गणपतरावांना कोण सांगायला जातंय?

६ मार्च

जमलं बुवा. दादाजींना मी विहिरीची गोष्ट सांगितली. मी सात वर्षांचा असताना शेळीचं पिल्लू पडक्या विहिरीत पडलं, मी मागोमाग पायऱ्या उतरलो आणि खालची पायरी ढासळली. पिल्लाला पोटाशी घेऊन संध्याकाळपर्यंत बसून राहिलो. वरती सगळं गाव माझ्या नावानं हाका मारत होतं आणि मी ओ देत नव्हतो, कारण ओ दिली तर मार बसेल असं वाटत होतं. शेवटी बापानं पाळणा दोराला बांधून खाली सोडला.

अर्थात, सांगताना मी नव्हतो, केळापुरे होते. दादाजींनी चष्मा काढून पुसला. कुसुमताईंच्या मंडळात आईच्या चानकीची गोष्ट सांगितली. उरलेल्या पिठाची ती लहानशी भाकर, माझी कुठली ते कळावं म्हणून आई त्यावर अंगठा दाबायची. दोन बाया पदरानं डोळे पुसत होत्या. आज 'उन्हातले माहेर'ला वाचनालयात नंबर लागलेत. मागच्या गफलतीबद्दल दादाजी एक शब्द बोलले नाहीत. खऱ्याला वजन असतं.

गणपतरावांनी पगार वाढवायचं कबूल केलं. सावनेरच्या एस.टी.च्या कंडक्टरकडे चंपतरावांना निरोप दिला की काम पक्कं झालं.

२५ मार्च, रविवार

होळी एकट्यानं गेली. प्रयागबाईंनी पुरणपोळी वर पाठवली, ती खिडकीत बसून खाल्ली. खाली पोरं रंगांत लोळत होती. मला कुणी ओळखत नाही, तेव्हा रंग कोण लावणार? दिवसभर शंभर माणसांशी बोलतो, पण माझ्याबद्दल कुणी काही विचारत नाही. जो तो केळापुऱ्यांची खुशाली विचारतो.

आज गोकुळपेठेत एका वाचनालयाच्या वर्धापनदिनाला केळापुऱ्यांचा सत्कार होता. अशा वेळी काय करायचं, ते गणपतरावांनी बसवून दिलेलं आहे. मधोमध लेखकाची खुर्ची रिकामी ठेवायची, प्रकृती बरी नाही म्हणून सांगायचं आणि शाल-श्रीफळ त्यांच्या वतीने मी घ्यायचं. लोक रिकामी खुर्ची विसरत नाहीत, असं ते म्हणतात. खरंच आहे. अध्यक्षांनी हार खुर्चीच्या पाठीला घातला. एक म्हातारी बाई पुढं येऊन खुर्चीला वाकून नमस्कार करून गेली. मी शेजारी उभा होतो, तिनं माझ्याकडे पाहिलंही नाही.

सभा संपल्यावर हार काढायला वाकलो आणि खुर्चीच्या बैठकीवर हात टेकला. ती कोमट होती. कुणीतरी आत्ताच उठून गेल्यासारखी. मार्चचं ऊन आहे, पत्र्याचा मांडव आहे, गरम होणारच.

शाल खोलीत आणून खुंटीला टांगली आहे.

३ एप्रिल

दादाजी आज माझ्यावर रुसलेले. म्हणाले, "काल येऊन गेले ना तुमचे केळापुरे. दुपारी बसले इथं, च्या घेतला. येनार म्हणून काहून नाही सांगितलं? लाडू तरी आणला असता."

मला हसू आलं. प्रसिद्धी याला म्हणतात. कोणीतरी टिंगल केली असणार. दिसायला कसे होते विचारलं तर दादाजी म्हणाले, साधे, मध्यम उंचीचे, खांद्यावर शाल. विहिरीची गोष्ट त्यांनी स्वतः सांगितली म्हणे, आणि माझ्यापेक्षा चांगली सांगितली. पाळणा वर आला तेव्हा पिल्लू केव्हाच मेलेलं होतं, पण ते वर येता येता मेलं असं पोरानं बापाला सांगितलं, कारण ओ दिली असती तर ते वाचलं असतं हे कळलं तर मार बसेल ही भीती.

ते मी कुणालाच सांगितलेलं नाही. दादाजींना नाही, गोपीलाही नाही. बाप गेला तरी त्याला कळलं नाही.

शाल खुंटीवर आहे. आल्याबरोबर पाहिलं.

९ एप्रिल

ऊन कडक झालंय. दुपारी महाल ओस पडतो, दारं लावून लोक पडून राहतात. मी मात्र हिंडतो. प्रयागबाई रागावतात, "जेवून घेत जा गा बाबू, उपाशी ऊन लागते." पूर्वी त्या मला वामन म्हणत. बाबू म्हटलं तरी चालतं, माया तीच आहे.

आज एक प्रयोग केला. डोळे मिटून विहिरीत उतरलो. शब्द सगळे आहेत. पिल्लू, पायरी, पाळणा. जे रोज सांगतो तेवढं सगळं आहे. पण विहिरीला वास कसला होता? पिल्लाचा रंग? वरून हाका मारणाऱ्यांत आईचा आवाज होता का? काही नाही. कुणाच्या पुस्तकात वाचल्यासारखी गोष्ट आहे. मग चानकी आठवून पाहिली. भाकर आहे, अंगठा आहे, पण अंगठ्याच्या मागं हात नाही आणि हाताच्या मागं आई नाही.

उन्हामुळे असं होतं का ते डॉक्टरांना विचारायला हवं. डॉक्टरांना काय सांगू?

१४ एप्रिल

गणपतरावांपुढं सगळं ओकून टाकलं. घरचं सांगितलं हेही. त्यांनी उठून पंखा वाढवला. मग म्हणाले की नवी आवृत्ती काढतोय, लोक रांग लावून मागतात, आता मागं फिरता येत नाही. माझ्याआधी एकजण होता, त्यानंही घरचं सांगितलं होतं. म्हणजे केळापुऱ्यांना आधीच बरंच काही मिळालेलं आहे. "त्याच्याच शाळेच्या गोष्टीवर पयली आवृत्ती गेली."

तो माणूस आता कुठं असतो, असं विचारलं. गणपतराव सांगायला लागले. नाव आठवेना. गाव आठवेना. गोरा की काळा तेही. माझ्याच टेबलावर तो दोन वर्षं बसला होता.

नोकरी सोडतो म्हटलं तर म्हणाले, सोड. पण चंपतरावांचा निरोप परवाच आलाय की अक्षय तृतीयेनंतर गोपीला पाठवतो. कशाच्या जोरावर सोडू? तीन आठवडे काढायचे. तोंडाला कुलूप घालायचं, बनवून सांगायचं, आणि गोपी आली की दुसरं काम पाहायचं. ती आली की सगळं ठीक होईल. तिच्यासमोर मी खोटा कसा पडेन?

२० एप्रिल, शुक्रवार

काय करून बसलो मी.

कुसुमताईंकडे मंडळ होतं. खसचा कूलर, वाळ्याचं पाणी, खोलीत छान अंधार. मी ठरल्याप्रमाणे बनवून सांगत होतो. तेवढ्यात एका बाईंनी विचारलं की केळापुऱ्यांच्या मंडळी कशा आहेत.

दोन महिन्यांत गोपीबद्दल मला कुणी विचारलेलं नव्हतं. प्रयागबाईंनी सुरुवातीला विचारलं तेवढंच. मी नुसतं "चांगल्या आहेत" म्हणणार होतो. पण कूलरच्या गारव्यात इतकं बरं वाटलं, आणि सगळ्या बाया माझ्याकडे पाहत होत्या, खरंच माझ्याकडे. सांगत गेलो. ती कापूस वेचताना गुणगुणते. तिला पोहे आवडत नाहीत पण मला आवडतात म्हणून करते. चिडली की माझ्याशी न बोलता बैलाशी बोलते, माझ्या ऐकण्यात येईल असं. लग्नात उखाणा घेताना ती पाठ केलेलं विसरली आणि मांडवात हसत सुटली. बाया पोट धरून हसल्या. मीही हसलो. किती दिवसांनी हसलो.

सायकलवर बसलो तेव्हा लक्षात आलं. प्रत्येक वाक्यात मी "केळापुऱ्यांच्या मंडळी" म्हणत होतो.

२४ एप्रिल

दुपारी घरी आलो तर खोलीचं कुलूप काढलेलं. प्रयागबाई म्हणाल्या की मघाशी साहेब आले होते, मीच किल्ली दिली. कोण साहेब? तर वरती राहतात ते, लेखक. वरती मी राहतो म्हटलं. त्या हसल्या, हो रे, तूही राहतोस.

खाटेवर कुणीतरी पडून गेल्याचा खळगा. खुंटी रिकामी. शाल नाही.

गोपी गुणगुणते ते गाणं कोणतं — चाल आठवत नाही. शब्द नव्हतेच त्याला. चालच होती नुसती.

२८ एप्रिल

दादाजींकडे गेलो. वर्गणी भरून सभासद व्हा म्हणाले, नवीन माणसाला पुस्तक देत नाही. मी दादाजी, दादाजी करत राहिलो. शेवटी ओरडून सांगितलं की विहिरीत मी पडलो होतो, मी. वाचनालयातले सगळे वळून पाहायला लागले. दादाजी शांतपणे म्हणाले, "केळापुऱ्यांची गोष्ट आहे ते. दुसऱ्याचं बालपण कायले चोरून राहिला गा?"

कुसुमताईंनी दार अर्धंच उघडलं. कोण पाहिजे, म्हणाल्या.

कचेरीत माझ्या टेबलावर पुस्तकांचे गठ्ठे. गणपतराव म्हणाले, जागा रिकामी होती म्हणून ठेवले.

कुणी हाकललं नाही. कुणी वाईटही बोलत नाही. तेच असह्य होतं. भांडले असते तर मी आहे असं तरी वाटलं असतं.

२ मे

सावनेरचा कंडक्टर स्टँडवर भेटला. मी विचारलं, चंपतरावांचा काही निरोप? त्यानं मला न्याहाळलं. तुम्ही त्यांच्या जावयाच्या शेजारी राहता का म्हणाला. तर मग सांगा त्यांना, की परवा ते स्वतः सावनेरले येऊन गेले, म्हाताऱ्याले लई आनंद झाला, अख्ख्या बाजारात सांगत फिरला, पोरीले सोमवारी पाठवतो.

परवा मी नागपुरातच होतो. दिवसभर खोलीत होतो. हलायची भीती वाटते.

सोमवार. सोमवारी गोपी. तिनं एकदा पाहिलं की झालं. माणसं विसरतील, बायको कशी विसरेल. सहा महिने एका ताटात —

आता गोपीबद्दल काही लिहिणार नाही. या वहीतही नाही. लिहिलं की तेही सांगितल्यासारखं होतं. एक गोष्ट उरली आहे, माझी आणि तिची, कुणालाच सांगितलेली नाही. ती धरून बसायचं.

७ मे, सोमवार

ती आली.

गाडीतून उतरली. हिरवं लुगडं, ट्रंक, डोक्यावर पदर. मी हाक मारली. तिनं पाहिलं. सरळ माझ्या तोंडाकडे. मग पदर आणखी पुढं ओढला, परक्यासमोर ओढतात तसा.

जवळ येऊन म्हणाली, "भाऊ, महालात प्रयागबाईचं घर कुठी आहे जी? आमचे हे तिथं राहतेत. घ्यायले येतो म्हणाले होते."

भाऊ म्हणाली मला.

मी म्हटलं, त्यांचं नाव काय. फक्त नाव सांगा. ती लाजली. नवऱ्याचं नाव कोणी असं घेतं का भाऊ, म्हणाली. पुस्तकं लिहितेत ते, सगळ्यांले माहीत आहेत. मी हात जोडले. एकदाच सांगा. ती घाबरली, ट्रंक उचलून चालायला लागली. ऊन इतकं होतं. एकटीनं कुठं शोधेल म्हणून मी ट्रंक घेतली. पुढं मी, चार पावलं मागं ती. माझ्याच खोलीची वाट मीच दाखवली.

सगळ्या रस्त्यात एक आशा होती. नाव नाही घेतलं अजून. नाव घेईल तेव्हा कदाचित — जिभेला आठवत असेल —

प्रयागबाई दारात तांब्या घेऊन उभ्या होत्या. भाकरतुकडा ओवाळला. मग दार अडवलं, उखाणा घेतल्याशिवाय आत नाही सोडत वं, म्हणाल्या. गोपी हसली. मी ट्रंक धरून मागं उभा. मनात म्हणत होतो, घे, घे —

"विहिरीले पायरी, पायरीले पाणी,
निशिकांतरावाची मी लाडाची राणी."

या वेळी विसरली नाही.

वरतून कुणीतरी हसलं. माझ्या आवाजात. मंडळात बोलायचा तो आवाज. ती जिना चढून गेली. वरतून एक हात आला आणि त्यानं माझ्याकडून ट्रंक घेतली, खांद्यावर शाल होती, तोंड अंधारात. थँक्यू भाऊ, असं म्हणाला.

८ मे

ओट्यावर आहे. प्रयागबाईंनी पाणी दिलं. कोणाकडचे, विचारलं.

वर पोह्यांचा वास. ती बोलते आहे. काय ते कळत नाही. मग हसते. पूर्वी अशी हसत होती का? हसत असेल. माहीत नाही.

मघाशी खिडकीत येऊन रस्ता बघत बसली होती. माझ्यावरून नजर गेली. थांबली नाही.

जाऊ कुठं. सावनेरला कोण आहे. कोणतं गाव माझं —

८ मे, दुपार

ठरलं. वर जातो. ती एक गोष्ट तिला सांगतो. दारातून ओरडून सांगेन. ते फक्त तिला आणि मला माहीत आहे, त्याला कसं असेल. ऐकलं की ती ओळखेल. ओळखावंच लागेल.

सांगितली की तीही जाईल. मग माझ्याजवळ काहीच नाही. जाऊ दे. तिनं एकदा ओळखलं की पुरे, मग सगळं जाऊ दे.

शब्द चुकायला नकोत. आधी इथं लिहून घेतो, मग जिना चढतो.

लग्नानंतर तिसरा दिवस. घरात कुणी नव्हतं. कापसाच्या खोलीत आम्ही दोघं, ती कमरेपर्यंत कापसात. म्हणाली की उखाण्यात नाव घेऊन काय कळते, एकदा नुसतं घेऊन पाहाचं आहे, तोंडात कसं लागते ते. दाराकडे पाहिलं. माझ्या कानाशी आली. केसात कापूस होता तिच्या. आणि माझं नाव घेतलं. राव नाही, अहो नाही, नुसतं नाव. हळूच. ती म्हणाली —

ती म्हणाली,